टॅब, बाळ आणि ‘एक तासा’चा नियम: हा आकडा आला कुठून?

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन अजिबात दाखवू नका आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. कधी बालरोगतज्ज्ञांकडून, कधी बालवाडीच्या पालकसभेत, तर कधी नात्यातल्या कुणाच्या फॉरवर्डमधून. ऐकताना वाटतं, कुठल्या तरी प्रयोगशाळेत मिनिटं मोजून हा आकडा काढला असणार. तसं काही झालेलं नाही. हा नियम टीव्हीसाठी जन्मला, तोही टॅब बाजारात येण्याच्या अकरा वर्षं आधी. पुढे यंत्रं बदलत गेली आणि नियम त्यांना चिकटत गेला.

सुरुवात १९९९ ची. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी ऑगस्टमध्ये पालकांना सुचवलं की, दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवणं टाळा. इतक्या लहान बाळांवर टीव्हीचा नेमका काय परिणाम होतो, यावर तेव्हा फारसा अभ्यास नव्हता. या वयात मेंदूची वाढ झपाट्याने होते आणि त्यासाठी बाळाला माणसांचा सहवास लागतो, एवढा साधा तर्क होता. तो चुकीचा होता असं नाही. पण ती सावधगिरीची सूचना होती, मोजमापातून आलेला निष्कर्ष नव्हता.

सूचना कागदावर राहिली आणि बाजार उलट्या दिशेने निघाला. ज्युली एग्नर-क्लार्क या अमेरिकन आईने १९९७ च्या सुमारास घरच्या घरी बाळांसाठी व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि नाव दिलं ‘बेबी आइनस्टाइन’. खेळणी, रंग, पाश्चात्त्य अभिजात संगीत असा एकूण मामला. २००१ मध्ये डिस्नेने ही कंपनी विकत घेतली. आइनस्टाइनचं नाव बाळाला जोडल्यावर वेगळी जाहिरात करावी तरी कशाला? २००६ मध्ये लहान मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटाने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली की, हे व्हिडिओ शैक्षणिक असल्याचा दावा बिनबुडाचा आहे. पुढच्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या फ्रेडरिक झिमरमन, दिमित्री क्रिस्टाकिस आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांचा अभ्यास आला. ८ ते १६ महिन्यांच्या वयात अशा व्हिडिओंचा रोजचा एक तास वाढला की, मुलांना समजणारे शब्द सहा ते आठने कमी भरतात, असं त्यात दिसलं. डिस्नेने चांगलाच आरडाओरडा केला, पण २००९ मध्ये ग्राहकांना पैसे परत करायची तयारीही दाखवली. याच आकडेवारीची नंतर दुसऱ्या संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा हा संबंध इतका पक्का नसल्याचं निघालं. ही दुसरी बातमी मात्र फारशी कुणापर्यंत पोचली नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग त्याआधीचा, २००३ चा आहे. तोही सिअ‍ॅटलचाच. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी मँडरिन बोलणारी माणसं जमिनीवर बसायची, पुस्तकं वाचून दाखवायची, खेळणी हातात घेऊन बोलायची. साधारण २५ मिनिटांची एक बैठक, अशा बारा बैठका. दुसऱ्या काही बाळांना याच माणसांचं हेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर काहींना नुसता आवाज ऐकवला. शेवटी परीक्षा घेतली ती मँडरिनमधले दोन जवळचे ध्वनी बाळाला वेगळे ओळखता येतात का, याची. समोर माणूस असलेल्या बाळांना ते जमलं. टीव्हीवाल्या बाळांची प्रगती शून्य. भाषा तीच, माणसं तीच, वेळही तेवढाच, फक्त मधे काच आली होती.

म्हणजे मिनिटांपेक्षा समोर कोण आहे हा प्रश्न मोठा आहे, हे तेव्हाच दिसून गेलं होतं. पण ‘समोर कोण आहे’ याचा फलक करता येत नाही. ‘एक तास’ याचा करता येतो.

२७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवला आणि एप्रिलमध्ये तो अमेरिकेत विकायला आला. तोवर संगणक आणि दोन वर्षांचं मूल यांच्यामध्ये माउस आणि कीबोर्डचं कुंपण होतं. बोट फिरवलं की चित्र हलतं म्हटल्यावर ते कुंपण गेलं. वर्षाच्या मुलालाही ते जमू लागलं आणि घरोघरी ‘आमच्या पिल्लूला सगळं येतं हो मोबाइलमधलं’ हे कौतुक सुरू झालं. खरं तर कौतुक करायचंच तर ते हे यंत्र इतकं सोपं करणाऱ्या अभियंत्यांचं करायला हवं होतं.

अमेरिकन संघटनेने २०११ मध्ये जुनीच शिफारस पुन्हा मांडली. ते निवेदन आयपॅड येण्याआधीच्या समजुतीवर बेतलेलं होतं, हे पुढे २०१४ मध्ये लिहिलं ते क्रिस्टाकिस यांनीच. बेबी आइनस्टाइनच्या विरोधात गेलेल्या अभ्यासाचे सहलेखक तेच. त्यांचं म्हणणं असं की, टीव्ही मुलाला काही विचारत नाही, टॅब निदान प्रतिसाद देतो. तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलालाही अशा प्रतिसाद देणाऱ्या स्क्रीनपुढे रोज अर्धा ते एक तास बसवायला हरकत नसावी. हे आपलं मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

त्याच वर्षी सारा रोझबेरी, कॅथी हिर्श-पासेक आणि रॉबर्टा गॉलिंकॉफ यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवायची होती. माणूस प्रत्यक्ष समोर असताना मुलं शिकली, व्हिडिओ कॉलवर खऱ्या संभाषणातूनही शिकली. पण दुसऱ्याच मुलाशी झालेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग लावल्यावर शिकली नाहीत. काच तिन्हीपैकी दोन ठिकाणी होती. फरक पडला तो पलीकडचा माणूस आपल्या बोलण्याला वेळच्या वेळी उत्तर देतो की नाही, याने. २०१६ मध्ये अमेरिकन संघटनेने नियम सुधारला: दीड वर्षापर्यंत स्क्रीन नको, पण व्हिडिओ कॉल चालेल, दीड ते दोन वर्षं वयात दाखवायचंच असेल तर चांगलं निवडून आणि सोबत बसून, दोन ते पाच वर्षं वयात दिवसाला एक तास. पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या नातवाला काऊ-चिऊचा घास ‘भरवणाऱ्या’ आजीला या सवलतीची अर्थातच कधी गरज वाटली नव्हती.

२०१९ मध्ये दोन मोठ्या संस्थांनी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने जानेवारीत सांगितलं की, ठरावीक तासांची मर्यादा घालण्याइतका पुरावा नाही. घरातला स्क्रीनचा वापर आटोक्यात आहे का, कुटुंबाच्या बाकीच्या गोष्टींच्या आड तो येतो का, झोप बिघडते का, स्क्रीन बघताना अरबटचरबट खाणं होतं का, हे पालकांनी स्वतःला विचारावं. एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आकडा दिला: वर्षाच्या आत आणि वर्षाच्या मुलालाही नको, दोन ते चार वर्षांपर्यंत तासाभराहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. या दस्तऐवजातच शिफारस ‘ठाम’ आणि पुरावा ‘अत्यंत कमी दर्जाचा’ अशी नोंद आहे. वर्तमानपत्रांत पहिला भाग छापून आला.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. इथे स्क्रीन प्रथम मास्तर म्हणून आली, करमणूक म्हणून नंतर. १९७५-७६ मध्ये इस्रोने अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही नेला, तेव्हा सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. पुण्यात १९८४ मध्ये मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ ही सरकारी संस्था उभी राहिली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून राज्यभर गेले. त्या पिढीच्या आईबापांना टीव्ही म्हणजे संकट वाटलं असेल-नसेल, पण शाळेत आलेला टीव्ही म्हणजे प्रगती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची चढाओढ लागली. गावोगावी लोकवर्गणी निघाली, टॅबचं पूजन झालं, नारळ फुटले. मग २०१६ च्या सप्टेंबरपासून जिओने डेटा जवळपास फुकट केला आणि शाळेतली स्क्रीन घरातल्या ताटाशेजारी येऊन बसली.

त्यावर आला करोना. जून २०२० मध्ये राज्याने पूर्व-प्राथमिक ते दुसरीपर्यंत ऑनलाइन वर्ग नकोत असं म्हटलं. जुलैत केंद्राची ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत पूर्व-प्राथमिकसाठी दिवसाला फार तर अर्धा तास होता, तोही पालकांशी बोलण्यासाठी, आणि मग राज्यानेही आपली भूमिका सैल केली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शाळकरी मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सुरू झाली. हे काम करण्यासाठीच जन्मलेल्या बालचित्रवाणीला मात्र तीन वर्षांपूर्वीच टाळं लागलं होतं. याला काय म्हणावं, ते वाचकांनीच ठरवावं. काल जी गोष्ट नको होती ती आज शाळेने हातात द्यायला लावली, आणि परवा परत काढून घ्या म्हणाले. पालक गोंधळले तर त्यात नवल नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतही तोच ओळखीचा आकडा होता: दोन वर्षांपर्यंत काही नाही, नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा, दोन ते पाच वर्षं वयात एक तास.

या काळात खास टॅबविषयीचे अभ्यासही आले. लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ७१५ पालकांकडून माहिती घेतली. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत टचस्क्रीनचा दर एक तास हा सुमारे पंधरा मिनिटं कमी झोपेशी जोडलेला दिसला. अमेरिकेत ३७ पालकांना आपापल्या लहान मुलांबरोबर छापील आणि टॅबवरची अशी दोन्ही पुस्तकं वाचायला दिली. छापील पुस्तक उघडलं की ‘हे कोण? भू-भू कसं करतो?’ अशा धर्तीच्या गप्पा रंगत. टॅबवर बोलणं ‘ते बटण दाबू नको’, ‘थांब जरा’ याकडे वळे. २०१८ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या १३५ अ‍ॅपची तपासणी झाली, त्यांतल्या ९५ टक्क्यांमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात निघाली. आणि आपण ‘एज्युकेशनल अ‍ॅप आहे’ म्हणून निर्धास्त.

२०२४ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास मला या सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात पालकांच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाही. २२० घरांत मुलांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र लावून घरातलं बोलणंच मोजलं. मूल तीन वर्षांचं असताना स्क्रीनचं एक मिनिट वाढलं की, मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ६.६ ने कमी होत होते. यातही कार्यकारण सिद्ध होत नाही. दमलेल्या आईचं बोलणं कमी होतं आणि तीच हातात टॅब देते, असंही असू शकतं. पण टॅबने मुलाचं काय केलं याऐवजी टॅब असताना घरात काय झालं नाही, हे निदान कुणी तरी मोजलं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने असलं काही वाचलं नव्हतं. करोनानंतर मुलांचा अभ्यासावरचा हात सुटला म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवलं की, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं शाळेतली होती, बाळं नव्हती. पण ठरावात मोठ्यांचे फोन आणि सातच्या मालिकाही आल्या. पहिले काही दिवस अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून बघत होते, आणि समजूत घालावी लागली ती बरीचशी मोठ्यांचीच.