डिशवॉशर दुरुस्त करावा की नवा घ्यावा: हिशेब उष्णतेचा आणि सुट्या भागांचा

दहा-बारा वर्षे नेमाने चाललेला डिशवॉशर एके दिवशी मध्येच थांबतो, तळाशी गढूळ पाणी साचते, समोरच्या पट्टीवर अर्थ न लागणारा एखादा संकेतांक लुकलुकू लागतो आणि घरात दोन मते पडतात. यंत्र जुने झाले, नवे घेतले तर वीज आणि पाणी वाचेल, असे एकाचे म्हणणे असते. एवढ्याशा बिघाडासाठी धडधाकट यंत्र भंगारात का घालायचे, असे दुसऱ्याचे. दोन्ही बाजू बहुधा यंत्राचे वय मोजतात आणि निर्णय तेथेच चुकतो. वयापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. नवे यंत्र आपल्या वापरात खरोखर किती ऊर्जा वाचवेल? आणि जो भाग बिघडला आहे तो एकटा सुटा मिळतो, की त्याच्याबरोबर अख्खी जोडणी बदलावी लागते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या रचनेत आहेत, म्हणून आधी रचना पाहू.

जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले लाकडी यंत्र हाताने फिरवून भांड्यांवर पाणी उडवत असे, पण त्याने भांडी नीट निघत नसत. १८८६ मध्ये इलिनॉय राज्यातील जोसेफिन कॉक्रेन यांनी जे पेटंट मिळवले, त्यात भांडी त्यांच्या मापाच्या तारेच्या खणांत स्थिर बसवून त्यांच्यावर साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा करण्याची कल्पना होती. आजचा प्रत्येक डिशवॉशर याच कल्पनेवर चालतो. बदलले आहे ते त्या माऱ्यामागचे गणित.

धुलाई कोणतीही असो, तिला चार गोष्टी लागतात: रसायन, यांत्रिक जोर, तापमान आणि वेळ. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये हे चार घटक एका वर्तुळाच्या चार हिश्श्यांच्या रूपात मांडले. एक हिस्सा लहान केला तर दुसरा मोठा करावा लागतो, कारण वर्तुळ पूर्ण भरल्याशिवाय भांडे स्वच्छ होत नाही. नव्या यंत्राचा इको प्रोग्रॅम तीन-चार तास का चालतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे उत्तर या वर्तुळात आहे. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून वीज वाचवायची, तर पावडरीतील विकरांना, म्हणजे स्टार्च आणि प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमना, काम करायला अधिक वेळ द्यावा लागतो. उलट अर्ध्या-पाऊण तासाचा घाईचा प्रोग्रॅम वेळेची उणीव उष्णतेने आणि पाण्याने भरून काढतो. जास्त वेळ म्हणजे जास्त वीज हा समज येथे पूर्णपणे उलटा ठरतो.

विजेचा मुख्य खर्च मोटारीचा नसून पाणी तापवण्याचा आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. आजचे यंत्र एका वेळी साधारण साडेतीन लिटर पाणी आत घेते. ते १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला जवळपास ५९० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटाचा सुमारे सहावा हिस्सा खर्च होतो. मुख्य धुलाई आणि शेवटची खळबळ या दोन्ही वेळा पाणी तापते, आणि त्याच्यासोबत भांडी, जाळ्या व पोलादी टाकीही तापतात. हे सारे मिळवले, त्यात पंपाची थोडी वीज घातली, की चौदा जणांच्या भांड्यांच्या यंत्राला हीटरच्या नेहमीच्या पद्धतीने अर्ध्या युनिटाच्या फार खाली जाणे अवघड आहे, हे लक्षात येते. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून ऊर्जा-दर्जाची पट्टी नव्याने आखली. तिच्यात अशा मापाचे सर्वोत्तम म्हणजे ए दर्जाचे यंत्र दर धुलाईला सुमारे ०.५४ युनिट घेते, सी दर्जाचे सुमारे ०.७५ आणि ई दर्जाचे सुमारे ०.९५. सुधारणेला उरलेली जागा किती थोडी आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

पाण्याच्या बाबतीतली मोठी झेपही बरीचशी घेऊन झाली आहे. काही दशकांपूर्वीची यंत्रे एका धुलाईला चाळीस लिटर किंवा त्याहून अधिक पाणी वापरत. आज दहा लिटरांच्या आसपास काम भागते. तळाची पाणी साठवणारी वाटी लहान झाली, वरचे आणि खालचे फवारे एकाच वेळी न चालवता आळीपाळीने चालवले जाऊ लागले, गाळणीचे थर वाढले, आणि पाण्याचा गढूळपणा पाहणारा संवेदक आला. या संवेदकात एका बाजूने प्रकाश सोडला जातो आणि पलीकडे तो किती पोहोचला हे मोजले जाते. पाणी पुरेसे स्वच्छ असेल तर यंत्र ते ओतून न देता पुढच्या टप्प्यासाठी वापरते. म्हणून भांडी आधी नळाखाली चकचकीत धुऊन आत ठेवणे हा पाण्याचा निव्वळ अपव्यय आहे. अन्नाचे कण खरवडून काढले की पुरे.

नव्या रचनांत खरा फरक दिसतो तो भांडी सुकवण्याच्या पद्धतीत, आणि खरेदी करणारा नेमके इकडेच सर्वांत कमी पाहतो. साध्या पद्धतीत शेवटचे पाणी खूप तापवले जाते. गरम भांड्यांवरचे पाणी वाफ होऊन उडते आणि टाकीच्या तुलनेने थंड पोलादी भिंतींवर दव होऊन ओघळते. चिनी मातीची आणि काचेची भांडी उष्णता धरून ठेवतात म्हणून ती सुकतात. प्लॅस्टिकचे हलके डबे लगेच थंड होतात म्हणून ओलेच राहतात, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो. या पद्धतीला वीज अधिक लागते. दुसऱ्या पद्धतीत धुलाई संपताच दार आपोआप थोडे उघडते आणि वाफ बाहेर पडते. त्यामुळे शेवटचे पाणी कमी तापवले तरी चालते. दार ढकलणारी एक लहानशी यंत्रणा एवढाच काय तो वाढीव भाग, आणि ती निकामी झाली तरी दार हाताने उघडता येते. माझ्या मते ही या क्षेत्रातील सर्वांत शहाणी सुधारणा आहे. फक्त ओट्याची वरची फळी लाकडी असेल तर वाफेपासून तिचे रक्षण करणारी पट्टी बसवून घ्यावी.

तिसरी पद्धत झिओलाइटची. असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेले हे खनिज हवेतील पाण्याची वाफ आपल्या छिद्रांत ओढून धरते आणि तसे करताना उष्णता बाहेर टाकते. दमट हवा त्याच्यातून फिरवली की ती कोरडी आणि गरम होऊन भांड्यांकडे परतते. पुढच्या धुलाईच्या वेळी खनिज तापवून त्यातला ओलावा बाहेर काढला जातो, आणि ती उष्णता वाया न जाता टाकीतले पाणी तापवायला उपयोगी पडते. खनिज झिजत नाही, बदलावे लागत नाही, प्लॅस्टिकही चांगले सुकते. मात्र त्यासाठी पंखा, वेगळा हीटर आणि हवेचे मार्ग एवढे भाग वाढतात. काही महागड्या यंत्रांत याच्याही पुढे जाऊन उष्णता पंप बसवलेला असतो. तो फ्रिजप्रमाणे काँप्रेसरच्या साहाय्याने उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतो आणि वीज लक्षणीय वाचवतो, पण फ्रिजचे सारे दुखणेही सोबत घेऊन येतो.

आता दुरुस्तीला थेट भिडणारी गोष्ट. पूर्वी पाणी फिरवणारा पंप वेगळा, पाणी तापवणारा हीटर वेगळा आणि दोघांना जोडणारी नळी वेगळी असे. अलीकडच्या अनेक रचनांत हीटर पंपाच्याच अंगात बसवलेला असतो. त्यामुळे जागा वाचते, पाणी कमी लागते आणि उष्णता थेट वाहत्या पाण्याला मिळते. पण हीटर गेला तर पंपासह सगळी जोडणी बदलावी लागते. सर्किट बोर्डाचेही तसेच आहे. बोर्डावरचा एखादा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा खटका, जळतो किंवा त्याचा डाखलेला जोड सुटतो, हीटरला वीज मिळेनाशी होते, आणि दुरुस्तीच्या नावाखाली पूर्ण बोर्ड बदलला जातो. वास्तविक इलेक्ट्रॉनिक्सचे काम जाणणारा कारागीर तेवढाच रिले बदलू शकतो. पाणी तापत नाही असे दिसले की हीटर गेला असे लगेच मानू नये. हीटर, बोर्ड आणि तापमानाचा संवेदक या तिघांची तपासणी मल्टिमीटरने झाली पाहिजे, आणि ती केलेली नसताना दिलेला ‘बदला’ हा सल्ला स्वीकारू नये.

बहुतेक बिघाड याहून साधे असतात. पाणी निघून जात नसेल तर गाळणी तुंबलेली, निचऱ्याची नळी मुडपलेली किंवा ड्रेन पंपाच्या, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या, पंख्यात काचेचा तुकडा अडकलेला असतो. भांडी वरच्या जाळीत अस्वच्छ राहत असतील तर फवाऱ्यांच्या भोकांत बिया आणि क्षार बसलेले असतात. यंत्र सुरूच होत नसेल तर दाराचे कुलूप पाहावे. तळाच्या तबकात पाणी उतरल्यावर तेथला तरंगता खटका वर उचलला जातो आणि यंत्र सुरक्षिततेसाठी सतत निचरा करत राहते. अशा वेळी बिघाड पंपाचा नसून गळतीचा असतो. पाणी जड असेल तर यंत्रातील मऊकारकाला दोष देण्याआधी मिठाचा कप्पा पाहावा. त्या मऊकारकातील राळेचे मणी पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून त्याबदली सोडियम सोडतात, आणि मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजे करते. मीठ संपले की काचेवर पांढरट थर आणि हीटरवर क्षारांची खपली जमू लागते. ही सारी कामे करताना प्लग काढलेला आणि पाण्याचा नळ बंद असलाच पाहिजे, कारण वीज आणि पाणी येथे वीतभर अंतरावर नांदत असतात.

बचतीचा हिशेब करताना वर्षाला २८० धुलाया धरू. युरोपातील जुन्या ऊर्जा-पट्टीवर हाच आकडा धरलेला असे. दहा वर्षांपूर्वीचे चांगल्या दर्जाचे यंत्र दर धुलाईला सुमारे ०.९५ युनिट घेत असेल आणि नवे ०.७५, तर वर्षाला ५६ युनिटे वाचतील. ए दर्जाचे यंत्र घेतले तरी बचत ११५ युनिटांच्या आसपास राहते. या युनिटांना आपल्या विजेच्या दराने गुणले आणि नव्या यंत्राच्या किमतीला त्या रकमेने भागले, की ती किंमत वसूल व्हायला किती वर्षे लागतील ते कळते. पुष्कळदा ती वर्षे नव्या यंत्राच्या अपेक्षित आयुष्यापेक्षाही जास्त भरतात. यंत्राला तापलेले पाणी सौर बंबातून मिळत असेल तर हा फरक आणखी आकसतो. उलट जुने यंत्र दर धुलाईला दीड युनिट आणि पंचवीस लिटर पाणी घेत असेल तर वर्षाला २१० युनिटे आणि चार हजारांहून अधिक लिटर पाणी वाचेल, आणि तेव्हा नव्याची बाजू भक्कम होते. जुन्या यंत्राचा खरा वापर प्लगमध्ये लावायच्या मीटरने एका धुलाईत मोजता येतो. हा मोजलेला आकडा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा, कारण पट्टीवरचा आकडा केवळ इको प्रोग्रॅमचा असतो आणि जो नेहमी ७० अंशांचा कडक प्रोग्रॅम लावतो त्याला तो लागू पडत नाही.

काही बिघाडांपुढे मात्र दुरुस्तीचा आग्रह धरू नये. पोलादी टाकीलाच गंजून भोक पडले असेल, दाराची चौकट वाकली असेल, किंवा गळतीचे पाणी बोर्डापर्यंत पोहोचून एकाच वेळी दोन-तीन महत्त्वाचे भाग गेले असतील, तर यंत्र बदलणे योग्य. भाग मिळतच नसेल तर प्रश्नच मिटतो. म्हणूनच युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेले नियम महत्त्वाचे आहेत. त्यांनुसार पंप, हीटर, बोर्ड असे भाग त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना, आणि दाराची बिजागरी, रबरी सील, फवारे, गाळण्या व जाळ्या किमान १० वर्षे सामान्य ग्राहकालाही मिळाल्या पाहिजेत. फ्रान्समध्ये २०२२ पासून डिशवॉशरवर दुरुस्ती किती सोपी आहे हे सांगणारा दहापैकी गुण छापला जातो, आणि तो इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो.

नवे यंत्र घ्यायचेच ठरले तर आवाजाचे डेसिबल आणि दर्शनी काच पाहण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: हीटर पंपापासून वेगळा मिळतो का, बोर्ड आणि पंप किती वर्षे मिळत राहतील, आणि यंत्र ओट्याखालून न काढता समोरची खालची पट्टी उघडून ड्रेन पंपापर्यंत पोहोचता येते का. जुने यंत्र पाठवण्यापूर्वी जाळ्यांची चाके, फवारे आणि वाट्या उतरवून ठेवाव्यात. तेच मॉडेल अजून चालवणाऱ्या कोणाला तरी त्या हव्या असतात.