सत्तावन्न की अठ्ठावन्न?

भजनी मंडळाने वर्गणी काढून दोन चांगले माईक घ्यायचं ठरवलं, की चर्चा फिरून फिरून शुअर कंपनीच्या दोन माईकांवर येते: एसएम ५७ आणि एसएम ५८. एकाचं तोंड चपटं, झिऱ्यांच्या टोपीचं. दुसऱ्याला गोल जाळी. साऊंडवाला एका वाक्यात निकाल देतो, ‘गाण्याला अठ्ठावन्न, वाद्याला सत्तावन्न.’ सल्ला चुकीचा नाही. कारण विचारलं तर मात्र ‘आतलं मशीनच वेगळं’ असं उत्तर मिळतं, आणि ते खरं नाही.

दोन्ही एकाच घराण्यातले. अर्नी सीलर या अभियंत्याने तयार केलेली युनिडाइन ३ ही रचना १९५९ मध्ये बाजारात आली. तिच्यावरूनच १९६५ मध्ये एसएम ५७ आणि पुढच्या वर्षी एसएम ५८ निघाला. आत पातळ पडदा, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकीय क्षेत्रात मागेपुढे होतं आणि तारेत वीज उपजते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. म्हणून या माईकांना सेल लागत नाही, मिक्सरमधून ४८ व्होल्ट सोडावे लागत नाहीत आणि उन्हातान्हात, धुळीत वर्षानुवर्षं चालतात.

मग फरक कुठला? मुख्यतः जाळीचा. अठ्ठावन्नच्या गोल जाळीच्या आत फोमचं अस्तर असतं आणि पडदा तिच्यापासून थोडा मागे बसतो. गायकाने ओठ जाळीला टेकवले तरी पडद्यापर्यंत काही अंतर उरतंच. सत्तावन्नमध्ये ही मधली जागा जवळपास नाही. वाद्य पडद्याच्या अगदी तोंडाशी नेता येतं. दोन-अडीच सेंटिमीटरची ही गोष्ट किरकोळ वाटते, पण निम्मा खेळ तिथेच आहे.

या माईकांच्या पडद्यापर्यंत आवाज दोन वाटांनी पोचतो: समोरून, आणि मागच्या फटींमधून. पडदा हलतो तो दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकाने. आता १०० हर्ट्झचा घुमारा घ्या. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो, म्हणजे या घुमाऱ्याची एक लाट साडेतीन मीटर लांब. पुढून मागे जाताना दोन-तीन सेंटिमीटरमध्ये एवढी लांब लाट बदलणार ती किती? फरक अगदी नगण्य. खर्जाची ही तूट माईक बनवतानाच पडद्याच्या जुळणीत भरून काढलेली असते. पण तोंड अगदी जवळ आलं की वेगळंच घडतं. ध्वनीचा दाब अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. उगमापासून एक सेंटिमीटरवर जितका असतो, तीन सेंटिमीटरवर त्याच्या एक तृतीयांश उरतो. त्यामुळे मागच्या वाटेने येणारा आवाज पुढच्यापेक्षा पुष्कळ अशक्त ठरतो, आणि हा फरक खर्जालाही तितकाच मिळतो. आधीच भरपाई केलेला खर्ज आणखी फुगतो. सत्तावन्नच्या माहितीपत्रकात याचा आकडाच दिला आहे: वाद्य ६ मिलिमीटरवर आणलं तर १०० हर्ट्झला ६ ते १० डेसिबलची वाढ.

पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून जो गंभीर नाद काढलेला असतो, त्याला ही वाढ मानवते. पण कीर्तनकाराच्या आवाजाला ती लागली की शब्द गढूळ होतात आणि मागच्या रांगेतल्या आजीबाई ‘काय म्हणाले हो?’ विचारू लागतात.

फोमचं दुसरं काम श्वास अडवण्याचं. प, फ, ब, भ उच्चारताना ओठांतून हवेचा झोत सुटतो. झोत म्हणजे ध्वनी नव्हे, वाराच. पण पडद्यावर आदळला की स्पीकरमधून ‘भप्प’ निघतो. आपल्याकडे माईक तपासताना ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणायची रीत आहे. त्यात ओठ मिटायची वेळच येत नाही, मग हा दोष कळणार कसा? त्यापेक्षा ‘पुंडलिक वरदा हरी विठ्ठल’ म्हणून बघावं. पहिल्याच ‘पुं’ला नागड्या तोंडाचा सत्तावन्न दणका देतो, अठ्ठावन्न बराचसा पचवतो. सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा यात्रेच्या दिवसांत मोकळा वारा असतो, तिथेही तेच.

तरी सत्तावन्न आवाजाला चालतच नाही, असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाच्या मेजावर अनेक दशकं सत्तावन्नच दिसतात, फक्त त्यांच्यावर फोमची टोपी चढवलेली असते. उलट, अठ्ठावन्नची जाळी फिरवून काढली की तो सत्तावन्नच्या बराच जवळ जातो. हुबेहूब नाही, कारण सत्तावन्नची झिऱ्यांची टोपीही आवाज घडवते. आणि उघडा पडलेला पडदा धुळीला आणि हलगीच्या टिपरूला आयताच सापडतो, म्हणून कार्यक्रमात हे करू नये.

वरच्या पट्टीतही दोघांत थोडा फरक आहे. दोन्ही माईक २००० हर्ट्झच्या पुढे आवाज जरा उचलून देतात, म्हणजे शब्दांची धार वाढते. सत्तावन्नमध्ये हा उंचवटा ५-६ हजार हर्ट्झच्या आसपास ठळक आहे. हलगीची कडक टिपरी तिथेच बसते. चामड्यापासून चार बोटं दूर, कडेच्या बाजूने जरा तिरका धरलेला सत्तावन्न हलगीला जे देतो, ते अठ्ठावन्न सहसा देत नाही. पेटीला मात्र कुठलाही चालेल; फक्त तो भात्याकडे न ठेवता वरच्या बाजूला वीतभर उंचीवर ठेवावा, नाहीतर सुरांबरोबर भात्याची फुसफुसही पार मंडपात जाते.

माझ्या मते मंडळांचे पैसे माईकच्या निवडीत जातात त्याहून जास्त मांडणीत वाया जातात. दोन्ही माईक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सर्वांत कमी. बाजूच्या आवाजाला सुमारे ६ डेसिबलची कपात. म्हणून टाळकऱ्यांनी गायकाच्या मागे उभं राहू नये. गायकाच्या मागे म्हणजे माईकच्या थेट समोर! त्यांनी माईकच्या पाठीशी उभं राहावं, आणि गायकाचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकरही, तिथेच ठेवावा. शुअरच्याच बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचा अधिक अरुंद पट्टा ऐकणारा माईक घेतला तर हिशेब बदलतो. तो बाजूचं आणखी कमी घेतो, पण थेट मागचं थोडं ऐकतो. मॉनिटर मग मागे दोन्ही अंगांना तिरका सरकवावा लागतो. ही गोष्ट माहीत नसल्याने महागडा माईक कुई करतो आणि दोष कंपनीला मिळतो.

काही शाहीर जाळीच मुठीत धरून पोवाडा म्हणतात. रुबाब येतो खरा, पण मागच्या फटी झाकल्या जातात, माईक चारी दिशांनी ऐकू लागतो आणि शिटी सुरू होते. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की शिटीच्या आधी मिळणारी आवाजाची पातळी ३ डेसिबलने घटते, हेही लक्षात असू द्यावं. ज्याची पाळी नाही त्याचा माईक बंद.

दुकानात दोन्ही माईक शेजारी लावून ऐकणार असाल तर एक सापळा आहे. त्याच आवाजाला अठ्ठावन्न सुमारे दीड डेसिबल जास्त संकेत देतो. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मिक्सरवरचा गेन (आवाज वाढवायचं बटण) फिरवून दोघांचा आवाज सारखा करून घेतल्याशिवाय तुलना करू नये.

दोनच माईक घ्यायचे असतील आणि गायनच मुख्य असेल, तर मी दोन्ही अठ्ठावन्न घेईन. पखवाजालाही ते निभावून नेतात. हलगी किंवा ताशा असेल तर एक सत्तावन्न हवाच, आणि सोबत फोमची टोपी. अठ्ठावन्नची जाळी काढून फोमसकट धुता येते. पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. भजनी मंडळाच्या जाळ्यांना हे वर्षातून एकदा तरी लागतंच, वास घेतला की कळतं.

बाजारात नकली अठ्ठावन्न भरपूर आहेत, आणि खोक्यावरून ओळखणं कठीण. बिलावर सही होण्याआधी माईक काट्यावर ठेवायला सांगा: वायरीशिवाय अस्सल माईक २९८ ग्रॅमच्या आसपास भरतो. बराच हलका निघाला तर तिथेच परत करा.