पानाचा कॉलम आणि चौकटीचा कॉलम

संगणकावर पान मांडताना तीन कॉलमी मजकूर लावायचा, तर मजकुराच्या तीन स्वतंत्र चौकटी काढून त्या एकमेकींना जोडाव्यात, की एकच चौकट काढून तिचे तीन कॉलम पाडावेत, हा वाद नागपूरच्या सीताबर्डी आणि महाल भागांतील डीटीपीच्या (संगणकावरील पानमांडणीच्या) खोल्यांत अजून मिटलेला नाही. छापून आलेल्या पानावर दोन्हींत काही फरक दिसत नाही. फरक कळतो तो दुरुस्तीच्या वेळी.

धातूची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवून छापण्याच्या काळात या प्रश्नाला जागाच नव्हती. जुळारी ठरलेल्या मापाच्या स्टिकवर, म्हणजे हातातल्या पट्टीवर, ओळी जुळवी, त्या गॅली नावाच्या तबकात उतरत आणि पान बांधताना दोन कॉलमांच्या मध्ये पितळी रूळ बसे. रुंदी बदलायची झाल्यास सगळ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. पुढे ऑफसेटबरोबर ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोकागदाच्या, पट्ट्या आल्या आणि त्या कात्रीने कापून, फिकट निळ्या रेघांच्या आधाराने कागदावर चिकटवल्या जाऊ लागल्या. दोन्ही काळांत कॉलम म्हणजे हातात धरता येणारी मजकुराची पट्टी होती.

१९८५ मध्ये आलेल्या पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅमने हेच चिकटकामाचे टेबल पडद्यावर आणले. त्यात ‘कॉलम गाइड्स’ दिल्या की पानावर उभ्या मार्गरेषा उमटत. पण त्या रेषा म्हणजे मजकूर नव्हे. मजकूर ओतला की प्रत्येक कॉलममध्ये त्याचा एक वेगळा तुकडा तयार होई आणि हे तुकडे एका धाग्यात ओवलेले राहत. नंतर मार्गरेषा सरकवली, तरी आधी ओतलेला मजकूर आपोआप तिच्यामागे जात नसे. म्हणजे कॉलम हा पानाचा गुण होता, मजकुराचा नव्हता. १९८७ मध्ये आलेल्या क्वार्क एक्स्प्रेस या दुसऱ्या प्रोग्रॅमने उलट वाट धरली होती: तिथे मजकुराच्या पेटीलाच किती कॉलम हवेत ते सांगायचे. इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅमने १९९९ मध्ये दोन्ही अर्थ एकाच छताखाली आणले. पानाला कॉलमच्या मार्गरेषा आहेत, चौकटीलाही स्वतःचे कॉलम आहेत, आणि दोघांचे आकडे जुळलेच पाहिजेत असे बंधन नाही. ‘पान चार कॉलमी करा’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा यांपैकी काय करायचे हे त्या वाक्यावरून कळत नाही. मराठी प्रतिशब्दांनीही गुंता सुटत नाही, कारण ‘स्तंभ’ म्हटले की वाचकाला सदरलेखन आठवते आणि ‘रकाना’ म्हटले की सरकारी अर्ज.

पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मधली, तरी आपल्याकडे तो पुढे कितीतरी वर्षे टिकला. त्याला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतपद्धत, कळत नव्हते आणि मराठीचे सगळे काम जुन्या आठ-बिटी फॉन्टांत साठलेले होते. हा मजकूर प्रोग्रॅमला इंग्रजी अक्षरांसारखाच दिसे, त्यामुळे हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणे) चालू राहिले तर ऱ्हस्व वेलांटी एका ओळीच्या शेवटी आणि तिचे अक्षर पुढच्या ओळीत, असा प्रकार होई. म्हणून ते बंदच ठेवले जाई. परिणामी अरुंद कॉलममध्ये, प्रत्ययांनी लांबलेल्या मराठी शब्दांमुळे, दोन्ही कडा सरळ ठेवताना शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडत आणि ऑपरेटर प्रत्येक पट्टी हाताने ओढून-ताणून बसवी. स्वतंत्र तुकड्यांची सवय मुख्यतः इथे घट्ट झाली.

या पद्धतीच्या बाजूने एक खरे कारण आहे. तळाशी उजवीकडे जाहिरात आली की कॉलमांची खोली कमीजास्त होते आणि एकाच चौकटीतले कॉलम तर समान खोलीचे असतात. तिथे जाहिरातीभोवती मजकूर वळवावा लागतो. घाईत चौकट वर ओढणे सोपे पडते. मात्र इनडिझाइनच्या २०१० च्या सीएस-५ आवृत्तीत मथळा मजकुरातच ठेवून सर्व कॉलमांवर पसरवण्याची आणि कॉलमांची उंची आपोआप समान करण्याची सोय आली, २०१२ च्या सीएस-६ मध्ये भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा कंपोझर सहज हाताशी आला, आणि त्यानंतर जाहिरातीविना वाहणाऱ्या लांब लेखासाठी तुकडे पाडण्याचे समर्थन करणे अवघड झाले. कॉलममधले अंतर चार मिलिमीटरऐवजी पाच करायचे, तर एका चौकटीत एक आकडा बदलावा लागतो. तुकड्यांच्या पानात प्रत्येक चौकटीची रुंदी बदलून ती जागेवर सरकवावी लागते.

तरीही सवय सुटत नाही, आणि त्याला केवळ ऑपरेटर जबाबदार नाही. पेजमेकरची जुनी फाइल सीएस-६ पर्यंतच्या इनडिझाइनमध्ये उघडली की तिचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र, एककॉलमी चौकट होऊन येई. संस्थांच्या वार्षिक स्मरणिका बहुधा मागच्या वर्षीच्या फाइलवरच नवा मजकूर टाकून तयार होतात. मांडणी नव्याने करण्यासाठी वेळ आणि पैसे कोणी देत नाही.