रूपांतरित खडकांतील खनिजनिर्मिती व बहुचल संख्याशास्त्र

खडकात मोजलेले अनेक घटक एकत्र विचारात घेऊन, त्यांच्या परस्परसंबंधांवरून त्यातली खनिजे कशी घडली हे शोधण्याची पद्धत. कोकणात बहुतेक ठिकाणी दख्खनचा काळा पाषाण आढळतो. त्याहून कितीतरी जुने रूपांतरित (उष्णता व दाबाने बदललेले) खडक सिंधुदुर्गात दिसतात: शिस्ट, नाईस, अँफिबोलाइट, क्वॉर्ट्झाइट. रेडीचे लोहखनिज आणि कडावलचे अभ्रक याच मुलखातले.

अशा खडकात गार्नेट (बहुधा लालसर दिसणारे खनिज) दिसले, तर ते तापमान-दाब वाढल्याने आले की मूळ गाळातच लोह व अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) भरपूर होते म्हणून? एकेका घटकाचा आलेख काढून याचा निवाडा होत नाही. प्रमुख घटक विश्लेषण या बहुचल पद्धतीत (संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन, १९०१) खडकात मोजलेल्या दहा-बारा ऑक्साइडांमधला बहुतेक फरक दोन-तीन अक्षांवर, म्हणजे एकत्रित मापांवर, उतरवता येतो.

पण इथे एक मोठा धोका आहे. टक्केवारीची बेरीज नेहमी १००च भरते, त्यामुळे एक घटक घटला की उरलेले आपोआप वाढलेले दिसतात. १०० ग्रॅम खडकात ५० ग्रॅम सिलिका (सिलिकॉनचे ऑक्साइड), १५ ग्रॅम अ‍ॅल्युमिना आणि १० ग्रॅम लोह-ऑक्साइड आहे असे धरू. पावसाच्या पाण्याने २५ ग्रॅम सिलिका विरघळून गेली, तर अ‍ॅल्युमिना तेवढाच राहूनही १५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जातो. अ‍ॅल्युमिना व लोह यांचे गुणोत्तर मात्र दीडच राहते. म्हणूनच संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी १९८२ साली गुणोत्तरांचे लॉगॅरिथम घेऊन विश्लेषण करण्याची रीत मांडली. ती टाळून काढलेल्या सहसंबंधांवर भरवसा ठेवू नये.

कोकणात हे उदाहरण कागदापुरते नाही. खडकाचा जांभा (तांबडा, सच्छिद्र दगड; कापला की चिरा) होताना सिलिका व अल्कली (सोडियम, पोटॅशियम) धुऊन जातात, लोह-अ‍ॅल्युमिना मागे उरतात. कडेचा मऊ, तांबूस पडलेला नमुना घेतला, तर विश्लेषणाचा पहिला अक्ष बहुधा हा पावसाळी बदलच दाखवील. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे रूपांतरण त्याखाली दडून राहील. त्यामुळे नमुना नदीच्या पात्रातला, चिऱ्याच्या थराखालच्या खाणीतला किंवा नव्या विहिरीच्या तळातला, हातोड्याखाली खणखणीत वाजणारा हवा. गणिती दुरुस्तीने धुऊन गेलेले सोडियम परत येत नाही.

खनिजाच्या एकाच कणावरही ही पद्धत चालते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधकाने (इलेक्ट्रॉनांच्या झोताने एकेका बिंदूची रचना मोजणाऱ्या यंत्राने) गार्नेटच्या गाभ्यापासून कडेपर्यंत बिंदू-बिंदू मोजले, की वाढत्या तापमानात घडलेल्या कणात बहुधा गाभ्यात मँगनीज जास्त आणि कडेला मॅग्नेशियम जास्त सापडते. सारख्या रचनेच्या बिंदूंचे गट पाडल्यावर कण एका दमात वाढला की मध्ये खंड पडला, याचा अंदाज येतो. सूक्ष्मदर्शकाखाली गार्नेटने कोणते खनिज पोटात घेतले आहे, हे पाहिल्याशिवाय मात्र त्या गटांना अर्थ देऊ नये.