खुलासा : चाळिशीनंतर नवं गाणं कानात शिरत नाही?

‘चाळिशी उलटली की नवं संगीत मेंदू घेतच नाही.’ दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर तरुणाईचा जल्लोष पाहिला की ठाण्यातली माझ्या वयाची माणसं हे हमखास म्हणतात. हे खरं नाही. या समजापायी कितीजण आपली हौस गुंडाळून ठेवतात, याचं फार वाईट वाटतं.

समजाचं मूळ आठवणींत आहे. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत ठळक राहतात, म्हणून तेव्हाची गाणी जिव्हाळ्याची. पण त्यामुळे नव्याला दार बंद होत नाही. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं. मराठी रॅप पहिल्यांदा ऐकताना शब्द निसटतात. चौथ्यांदा यमक नेमकं ठेक्यावर कसं बसवलंय ते कळतं आणि मान डोलते.

आणि कान? वयानुसार आधी ऐकू येईनासे होतात ते अगदी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज. पियानोची शेवटची, सर्वांत उंच स्वराची पट्टीही जेमतेम ४,१८६ हर्ट्झची (सेकंदाला इतकी कंपनं), म्हणजे त्या आवाजांच्या खालीच. झांजेची किणकिण थोडी कमी होईल, चाल आणि ठेका सहसा शाबूत राहतात.

अडचण आहे ती सवडीची. कट्ट्यावर तेच गाणं दहादा कानावर पडायचं. आता एकदा ऐकून आपण निकाल देतो. भाचीकडून तीन गाणी मागून घ्या. ठाण्याहून सीएसएमटीला धीम्या लोकलने जाईपर्यंत ती चारदा ऐकून होतात.