हेम्प ब्लॉक

हेम्प ब्लॉक म्हणजे भांगेच्या झाडाच्या खोडातला आतला लाकडी गाभा बारीक तुकडे करून चुना आणि पाण्यात कालवायचा, साच्यात दाबायचा आणि हवेवर सुकवायचा, मग जो हलका, खरखरीत, गवताळ रंगाचा ब्लॉक तयार होतो तो. ह्या मिश्रणाला हेम्पक्रीट पण म्हणतात. बांधायला सोपा, गरम-थंड दोन्ही अडवतो, पण घराचा भार अजिबात घेत नाही, म्हणजे आरसीसी, लाकूड किंवा स्टीलची फ्रेम आधी उभी करायची आणि हा मधे भरायचा.

आधी गांजाचा विषय संपवू कारण पुण्यात कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो. इंडस्ट्रियल हेम्प ही त्याच झाडाची नशा जवळपास नसलेली जात, उत्तराखंडच्या नियमात टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि ब्लॉकमधे फूल-पान काही जात नाही, फक्त खोड. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. लागवड मात्र परवानगीशिवाय गुन्हाच आहे, कलम १४ खाली सरकार धागा किंवा बियांसाठी लागवडीला मुभा देऊ शकतं आणि उत्तराखंडनं तशी ती दिली. तिथेच पौडी गढवालच्या यमकेश्वर भागात हेम्पक्रीटची इमारत उभी राहिली.

खोड सोलल्यावर बाहेरचा धागा दोरी-कापडाला जातो आणि उरलेला गाभा, जो खोडाचा सगळ्यात मोठा भाग असतो, तो बांधकामाला. नुसता चुना फार हळू धरतो म्हणून त्यात हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा) किंवा एखादं पोझोलान (चुन्याशी मिळून घट्ट होणारी भुकटी) घालतात, आपल्याकडची सुरखी, म्हणजे विटांची पूड, त्याच जातीची. ब्लॉक भट्टीत भाजत नाहीत, काही आठवडे सुकू देतात आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू घट्ट होत जातो. आता "कार्बन निगेटिव्ह", म्हणजे सोडतो त्यापेक्षा जास्त कार्बन शोषतो, म्हणून जी जाहिरात चालते त्यात अर्धी बाजू सांगितली जाते, झाड वाढताना कार्बन घेतं हे खरंच, पण चुनखडी भाजताना कार्बन बाहेर पडतो, भट्टीचं इंधन वेगळं, आणि पुण्यासाठी तर उत्तराखंडहून ट्रकनं दीड हजार किलोमीटरच्या वर माल आणायचा, तेव्हा हिशोब ह्या सगळ्याचा मिळून करायला पाहिजे.

फायदा खरा दिसतो तो वजनात. घनमीटरला साधारण ३०० ते ४०० किलो, एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) ५५० ते ६५०, आणि लाल विटांची भिंत १९०० च्या आसपास. म्हणजे १० फूट बाय १० फूट, ९ इंची विटांची भिंत धरली तर ४ टन भरते, तेवढीच हेम्पची पाऊण टन. पुणे २०१६ च्या आयएस १८९३ ह्या भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे झोन ३ मधे येतं आणि इमारत हलकी असली की भूकंपाचा जोरही कमी पडतो, त्यामुळे फ्रेमवर भार कमी हे नुसतं स्टील वाचण्यापुरतं नाही. पण ताकद बघा, दाब सहन करायची क्षमता बहुतेक १ मेगापास्कलच्या खालीच, एएसीची ३-४ असते.

एप्रिल-मे मधे पश्चिमेच्या भिंतीमागच्या बेडरूममधे रात्री ११ ला सुद्धा भिंत गरम लागते हे पुणेकराला सांगायला नको, तिथे हा ब्लॉक कामाचा. हवेतला ओलावा शोषून घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. पण पावसाचं पाणी थेट लागलं की पितो सुद्धा भरपूर, म्हणून प्लिंथ (जोतं) उंच, डीपीसी (जमिनीची ओल अडवणारा थर) नीट, छज्जा मोठा आणि बाहेरून चुन्याचा गिलावा, सिमेंटचं प्लास्टर नाही कारण ते वाफ आत कोंडतं. जागेवर ओतलेलं हेम्पक्रीट सुकायला वेळ फार घेतं, आपल्या पावसाळ्यात तर विचारू नका, त्यामुळे इथे ब्लॉकच बरा. चुना अल्कधर्मी असल्यानं बुरशी सहज धरत नाही, आगीत पटकन पेटत नाही, वरचा थर कोळसतो.

हे तंत्र आजच्या रूपात १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधे आलं, जुन्या लाकडी चौकटीच्या घरांची दुरुस्ती करताना, आणि अमेरिकेच्या २०२४ च्या निवासी बांधकाम कोडमधे त्याला परिशिष्ट मिळालं. पण गिलाव्यात भांग घालणं आपल्याकडे जुनंच, वेरूळच्या लेण्यांच्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे सापडल्याचा अभ्यास २०१६ मधे छापून आला. आणि चुन्याचं म्हणाल तर शनिवारवाड्यापासून पेठांमधल्या वाड्यांपर्यंत चुन्याचं काम भरपूर झालं, आता मात्र चुन्याचा हात असलेला गवंडी शोधावा लागतो.

हिंजवडी-वाकडच्या टॉवरला हा माल बसेल असं वाटत नाही, कारण चांगल्या इन्सुलेशनला भिंत फुटभर जाड लागते आणि कार्पेट एरियाचा एकेक चौरस फूट विकणारा बिल्डर तेवढी जागा सोडणार नाही. मुळशी-पानशेत बाजूचा बैठा बंगला, किंवा गच्चीवरची वाढीव खोली जिथे जुन्या स्लॅबवर वजन नको, तिथे अर्थ आहे. फक्त इलेक्ट्रिशियन यायच्या आधी गीझर, एसीचा ब्रॅकेट, किचनची कपाटं कुठे येणार हे ठरवून तिथे भिंतीत लाकडी पट्ट्या बसवून घ्यायच्या, नुसत्या ब्लॉकमधे मारलेला स्क्रू वजन धरत नाही.