हौशी मेंदी

हौशी मेंदी : पैसे न घेता, स्वतःच्या किंवा घरच्या-शेजारच्यांच्या हातांवर मेंदीची नक्षी काढण्याचा छंद. नागपंचमी, मंगळागौर, हरतालिका, डोहाळजेवण आणि लग्नाआधीचे दोन-तीन दिवस हे पुण्यात याचे हंगाम. व्यवसाय करणाऱ्यांपेक्षा हौशी माणसाकडे वेळ जास्त असतो. एका हाताला दोन तास देता येतात, आणि मुख्य म्हणजे लागेल तेवढीच मेंदी घरी ताजी भिजवता येते. नक्षी कितीही सुबक असली तरी रंग ठरतो तो पूड आणि भिजवण यांवर.

मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. तिच्या पानांत लॉसोन हे रंगद्रव्य असते. आंबट पाण्यात ते पुडीतून सुटते आणि कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसते. हा थर तळहात-तळपायांवर जाड असतो, म्हणून तिथे मेंदी गडद रंगते. मनगटाच्या वर ती फिकी राहते, त्यात मेंदीचा दोष नसतो. सोसायटीच्या कुंपणाला लावलेल्या कोयनेलीलाही अनेकजण मेंदीच म्हणतात, पण ती वेगळी वनस्पती आहे.

पूड बारीक, वस्त्रगाळ आणि त्याच वर्षाच्या पिकाची हवी. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्यातल्या दुकानांतही सोजतचे नाव घेऊनच पूड मागितली जाते. केसांसाठीची पूड घेऊ नये. ती भरड असते, त्यात आवळा-शिकेकाई मिसळलेली असू शकते आणि तिचा एक कण कोनाचे टोक बंद करायला पुरतो.

चार कोनांना २५ ग्रॅम पूड पुरे. तिला ६५ ते ७५ मिली द्रव (लिंबाचा रस, किंवा रस आणि पाणी निम्मे-निम्मे), ५ ते ७ ग्रॅम साखर आणि ६-७ मिली निलगिरीचे किंवा लॅव्हेंडरचे शुद्ध तेल. सुगंधी म्हणून मिळणारे कृत्रिम तेल रंगाला काही मदत करत नाही. गर्भवती आणि लहान मुलांसाठी निलगिरी टाळून लॅव्हेंडर वापरतात. सगळा द्रव एकदम ओतू नये. आधी पुरणाइतके घट्ट भिजवावे, गुठळ्या मोडाव्यात, वर प्लॅस्टिकचा कागद मेंदीला चिकटवून झाकावे. रंग सुटल्यावर उरलेला द्रव थोडा थोडा घालून, चमच्यावरून न तुटता रेशमाच्या धाग्यासारखी धार पडेपर्यंत सैल करावे.

रंग सुटायला किती वेळ लागेल हे पुण्याची हवा ठरवते. एप्रिलच्या दुपारी पाच-सहा तासांत काम होते. श्रावणात रात्रभर लागते. डिसेंबरच्या थंडीत पूर्ण दिवसही जातो. अशा वेळी दही विरजायला घरात जी उबदार जागा असते, तिथेच भांडे ठेवावे. वरचा थर तपकिरी आणि आत हिरवे दिसले, आणि तळहातावर पाच मिनिटे ठेवलेल्या ठिपक्याखाली केशरी डाग उमटला, की मेंदी तयार. त्यानंतर ती दोन दिवसांत वापरावी, नाहीतर फ्रीझरमध्ये टाकावी. बाहेर राहिलेली मेंदी दिसायला तशीच असते, पण रंग देत नाही. साखरेचे प्रमाणही ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात साखर कमी पडली तर वाळलेली रेघ तडकून गळते. पावसाळ्यात जास्त झाली तर ती हवेतला ओलावा ओढते आणि नक्षी पसरते.

कोनात भरण्याआधी मेंदी स्वच्छ नायलॉनच्या मोज्यातून गाळावी. पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली की अर्ध्या वेलीत टोक अडते, दाब वाढवला जातो आणि फुलाच्या जागी डबके होते. कोनासाठी सेलोफेनचा सुमारे १५ बाय १२ सेंमीचा तुकडा घ्यावा. तो रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात पॅकिंगचे सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. लांब बाजूचा मध्यबिंदू टोक धरून गुंडाळावा. टोकातून उजेड दिसता कामा नये. भोक नंतर टाचणीने करता येते. दुधाच्या पिशवीचा कोन होतो, पण जाड प्लॅस्टिकला बारीक टोक येत नाही.

रेघ काढताना टोक कातडीला घासू नये. ते दोन-तीन मिलिमीटर वर धरून मेंदीची तार खाली आडवी निजवत न्यावी. वळण आपोआप गोल येते. सराव काचेवर करावा: खाली नमुन्याचा कागद, वर मेंदी, मग पुसून पुन्हा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांचा हात लवकर बसतो. गोपद्म, कमळ, शंख, कुयरी ही चैत्रांगणातली (चैत्रात अंगणात काढायच्या रांगोळीतली) चिन्हे तळहातावर छान मावतात, आणि तयार अरबी नमुने गिरवण्यापेक्षा पुण्याच्या हौशी माणसाने इथूनच सुरुवात करावी.

लावण्याआधी हात साबणाने धुवावेत, तेल किंवा क्रीम नको. मेंदी सहा ते आठ तास ठेवावी. सुकू लागली की लिंबू-साखरेचे पाणी कापसाने फक्त टिपावे. काढताना धुऊ नये, बोथट सुरीने खरवडावी आणि पुढचे बारा तास पाणी टाळावे. सुरुवातीला रंग भोपळ्यासारखा केशरी दिसतो आणि नवशिक्याला वाटते, मेंदी बिघडली. तो हवेने एक-दोन दिवसांत तपकिरी होतो. हरतालिकेच्या आदल्या रात्री काढलेली मेंदी गणपती बसतात त्या दिवशी खुलते. मात्र उकड मळायचे काम त्या हातांना त्याआधी देऊ नये.

‘काळी मेंदी’ आणि दहा मिनिटांत रंगणारे कोन हौसेपोटीही कोणाच्या हाताला लावू नयेत. काळ्या मेंदीत बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन हे केस रंगवण्याचे रसायन असते. त्याने नक्षीच्याच आकारात फोड येऊ शकतात, व्रण राहू शकतात आणि पुढे आयुष्यभर केसांचा रंगही सोसेनासा होऊ शकतो. त्रास कधी लगेच, कधी आठवड्याने दिसतो. शुद्ध मेंदी काळी रंगत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना आणि तान्ह्या बाळांना मात्र शुद्ध मेंदीही लावू नये; त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात.

रंग एक ते तीन आठवड्यांत कातडीबरोबर झडतो. भांडी घासणाऱ्या हातावर तो आधी बोटांच्या टोकांवरून जातो आणि तळव्याच्या मध्यभागी सर्वांत जास्त टिकतो. म्हणून मुख्य आकृती तिथे काढतात.